विद्यावेतन अभ्यासकाचे, खर्च यजमान संस्थेचा: मानव्यविद्यांच्या फेलोशिपसाठी अनुदान कोठे आणि कसे मागावे

आपला प्रश्न मी समजलो तो असा. जिल्ह्याच्या गावी आपली जुनी संशोधन संस्था आहे, तिच्याकडे मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), काही संस्कृत आणि मराठी पोथ्या व जुन्या नियतकालिकांचे संच आहेत, आणि दरवर्षी चार अभ्यासकांना फेलोशिप देऊन त्यांनी काही महिने संस्थेत बसून काम करावे अशी विश्वस्तांची इच्छा आहे. यासाठी संस्थेला अनुदान कोण देते, अमेरिकेत संस्थांना असे पैसे थेट मिळतात हे खरे का, आणि अर्जात काय लिहावे, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे एका संशोधन संस्थेच्या कार्यालयात अनुदानांचे प्रस्ताव आणि त्यांचे हिशेब पाहिले आणि आता अधूनमधून दुसऱ्यांच्या प्रस्तावांची छाननी करतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. अभ्यासकाच्या हातात पडणारे विद्यावेतन कोण देईल हा पहिला. त्या अभ्यासकाला ठेवून घेण्याचा, म्हणजे खोली, वाचनकक्ष, रुमाल काढून देणारा माणूस, सूची, निवडप्रक्रिया आणि हिशेबतपासणी यांचा खर्च कोण उचलील हा दुसरा. पहिल्याला आपल्याकडे थोडीफार उत्तरे आहेत. दुसऱ्याला जवळजवळ नाहीत, आणि फेलोशिप योजना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडतात त्या बहुधा या दुसऱ्या खर्चापायी. म्हणून माझे सगळे उत्तर त्याच्याभोवती फिरणार आहे.

अमेरिकेबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. तेथील नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या १९६५ साली स्थापन झालेल्या संघराज्य सरकारच्या संस्थेने स्वतंत्र संशोधन संस्थांमधील फेलोशिपसाठी एक वेगळी योजना चालवली. तिच्यात पैसे अभ्यासकाला थेट न जाता यजमान संस्थेला जातात, संस्था स्वतः जाहिरात देऊन, स्वतःची समिती नेमून फेलो निवडते, आणि विद्यावेतनाबरोबर निवडीच्या व प्रसिद्धीच्या खर्चाचा काही भागही अनुदानात धरता येतो. शिकागोची न्यूबेरी लायब्ररी किंवा वूस्टर येथील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी यांसारख्या संग्रहप्रधान संस्थांना या रचनेचा मोठा आधार मिळाला, कारण विद्यापीठाबाहेरच्या ग्रंथालयाजवळ साहित्य असते, पण पगारी प्राध्यापक नसतात.

या योजनेचा महाराष्ट्राशी खरा संबंधही आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे भारतातील पहिले केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये होते, आणि तिच्या ज्येष्ठ अभ्यासकांच्या काही फेलोशिप याच एन्डॉवमेंटच्या पैशांतून दिल्या गेल्या आहेत. मात्र अर्ज करणारी संस्था अमेरिकेत नोंदलेली असावी लागते, आणि फेलोही अमेरिकन नागरिक किंवा तेथे काही वर्षे राहिलेला असावा लागतो. तेव्हा आपल्या संस्थेने तेथे अर्ज करण्याचा प्रश्न येत नाही. तिकडून येणाऱ्या अभ्यासकाला आपण आपला संग्रह वाचू देऊ शकतो, आणि आपली संस्था त्या कामासाठी मान्यताप्राप्त धरली जात असेल तर संशोधन व्हिसासाठी लागणारे संलग्नता पत्रही देऊ शकतो. त्यात एक रुपयाही आपल्या खात्यात येत नाही, परंतु परदेशी अभ्यासक आपल्या वाचनकक्षात बसून गेला ही नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने नोंदवतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याच एन्डॉवमेंटने आधी मंजूर केलेली हजाराहून अधिक अनुदाने मुदतीआधीच रद्द केली. ज्या संस्थांची फेलोशिप योजना मुख्यतः त्या एका अनुदानावर उभी होती त्या अडचणीत आल्या. ज्यांच्याकडे देणगीदारांच्या नावाचे कायम निधी (मुद्दल न मोडता ज्यांचे फक्त व्याज वापरायचे असे निधी) होते त्यांना निदान काही जागा भरता आल्या. इतक्या दूरचे उदाहरण देण्याचे कारण एवढेच की एकाच दात्यावर अवलंबून राहण्याचा धोका श्रीमंत देशातही टळत नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात मानव्यविद्यांसाठीचा सार्वजनिक पैसा मुख्यतः व्यक्तीच्या नावाने जातो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ ची, भारतीय इतिहास अनुसंधान परिषद १९७२ ची; दोन्हींच्या फेलोशिप अभ्यासक स्वतः अर्ज करून मिळवतो आणि आपले काम एखाद्या संस्थेशी संलग्न करून घेतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीही व्यक्तीची, आणि आपल्या राज्यातील बार्टी, सारथी व महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्याही त्या त्या समाजघटकांतील पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या. सिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था फेलोंना राहायला जागा आणि वाचायला ग्रंथालय देते, पण ती केंद्र सरकारने उभी केलेली, राष्ट्रपती निवासात वसलेली संस्था आहे. तिचे उदाहरण आपल्याला हेवा वाटण्यापुरतेच. संलग्न संस्थेला परिषदांकडून मिळणारा व्यवस्थापन खर्च हा मूळ रकमेच्या मानाने इतका थोडा असतो की त्यातून ग्रंथपालाचा एका महिन्याचाही पगार निघणे कठीण.

तरीही संलग्न संस्था होणे हाच आपल्यासाठी पहिला आणि स्वस्त मार्ग आहे असे माझे मत आहे. ज्या अभ्यासकाला परिषदेची फेलोशिप आधीच मिळाली आहे, त्याचे विद्यावेतन परिषद देते; आपण फक्त यजमानपणाचा खर्च करायचा. अशा दोन अभ्यासकांचे काम नीट पार पडले, उपयोगिता प्रमाणपत्रे (मिळालेले पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचे दाखले) वेळेवर गेली आणि त्यांचे लेख छापून आले, की आपल्याकडे सांगण्यासारखे काही असते. अट एवढीच की परिषद ज्या प्रकारच्या संस्थांना संलग्नतेस पात्र मानते त्यांत आपण बसतो की नाही हे तिच्या त्या वर्षीच्या नियमपत्रिकेत पाहावे, कारण हे नियम बदलत राहतात. बसत नसल्यास जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास किंवा मराठी विभागाशी करार करून संलग्नता विद्यापीठाची आणि बसण्याची जागा आपली, अशी व्यवस्था होऊ शकते.

आता खर्चाकडे येऊ, कारण बहुतेक प्रस्ताव येथेच फसवे असतात. समजा, आपण चार फेलो प्रत्येकी तीन महिन्यांसाठी ठेवले. विद्यावेतनाचा दर ठरवताना काहीतरी आधार हवा, म्हणून १ जानेवारी २०२३ पासून लागू असलेला कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा दरमहा ३७,००० रुपयांचा दर धरू. चार जणांचे तीन महिन्यांचे विद्यावेतन ४,४४,००० रुपये होते. प्रवास आणि किरकोळ खर्चासाठी प्रत्येकी २५,००० धरले तर १ लाख. म्हणजे अभ्यासकांवर ५,४४,०००. बहुतेक प्रस्तावांत हिशेब येथेच संपतो आणि खाली ‘इतर प्रशासकीय खर्च १० टक्के’ अशी एक ओळ असते.

आता दुसरी बाजू मांडू. मोडी वाचता येणारा, संग्रहाची माहिती असलेला एक माणूस वर्षभर ठेवायचा तर लहान गावातही दरमहा २५,००० धरावे लागतील, म्हणजे ३ लाख. अभ्यासकांच्या दोन खोल्या, पाणी, वीज, इंटरनेट, साफसफाई यांसाठी ८०,०००. अभ्यासक जे रुमाल मागतील त्यांची झाडपूस, कागद सांधणे आणि छायाप्रती यांसाठी १ लाख. जाहिरात, बाहेरच्या तज्ज्ञांचे मानधन आणि प्रवास यांसाठी ४०,०००, आणि हिशेबतपासणीसाठी ३०,०००. बेरीज ५,५०,०००. हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, आपल्या गावचे वेगळे असतील, पण प्रमाण फारसे बदलत नाही: यजमानपणाचा खर्च विद्यावेतनाइतकाच किंवा त्याहून थोडा जास्त निघतो. ज्या संस्थांना तो दिसत नाही त्यांच्याकडेही तो होतच असतो, फक्त तो ग्रंथपालाच्या जादा तासांत आणि चिटणीसांच्या खिशातून जातो.

माणसाचा पगार एवढा मोठा का धरला, असा आक्षेप विश्वस्तांच्या बैठकीत हमखास येतो. त्याचे उत्तर रुमाल उघडून दाखवावे. जुन्या सूचीत नोंद असते ‘रुमाल १४, किरकोळ’. आत दोनशे-तीनशे कागद एकावर एक बांधलेले असतात; त्यांत एखाद्या वाड्याच्या बांधकामाचा हिशेब असतो, लग्नाच्या आहेराची यादी असते, कर्जखत असते, मधेच दुसऱ्याच गावच्या पाटीलकीच्या तंट्याचे चार कागद असतात, आणि अनेकांवर साल शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतील जुन्या कालगणनेत, लिहिलेले असते. तीन महिन्यांसाठी आलेल्या अभ्यासकाने पहिला दीड महिना ‘किरकोळ’ म्हणजे काय हे शोधण्यात घालवला, तर फेलोशिपचे निम्मे पैसे सूची नसण्यावर खर्च झाले. म्हणून माझा आग्रह असतो की फेलोशिप जाहीर करण्याआधी निदान एका भागाची, मग ते पन्नासच रुमाल असोत, कागदनिहाय नसली तरी विषयनिहाय यादी तयार असावी, आणि जाहिरातीत ‘या संग्रहावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी’ असे स्पष्ट म्हणावे. निधी देणाऱ्याला जो प्रश्न पडतो तो हाच: हे काम पुण्यात किंवा मुंबईत बसून का होणार नाही? ज्या प्रस्तावात याचे ठोस उत्तर पहिल्या पानावर असते तो छाननीत वर येतो, आणि ‘संस्थेची उज्ज्वल परंपरा’ या शीर्षकाखाली दोन पाने लिहिलेला खाली जातो.

खर्च असा दोन थरांत मांडला की पैसे मागण्याची जागाही दोन होतात. सूची, जतन आणि डिजिटायझेशन यांसाठी मिळणारा पैसा फेलोशिपच्या नावाने मागायचा नसतो. हस्तलिखितांसाठी २००३ पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशन होते आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशनची घोषणा झाली, ज्यात शैक्षणिक संस्था, संग्रहालये, ग्रंथालये आणि खासगी संग्राहक यांच्याकडील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन अपेक्षित आहे. येथे एक खाचखळगा आहे. पांडुलिपी मिशनच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे निदान पंच्याहत्तर वर्षे जुनी हाताने लिहिलेली रचना. फर्माने आणि महसुली कागद यांसारखी ऐतिहासिक दप्तरे त्या व्याख्येबाहेर ठेवलेली होती. म्हणजे आपल्या पोथ्या त्यात सहज बसतील, रुमाल बसतीलच असे नाही. दोहोंचा एकच प्रस्ताव करून पाठवला तर पोथ्यांचेही काम अडते. पोथ्या वेगळ्या काढाव्यात आणि रुमालांसाठी दुसरा दाता शोधावा.

हा दुसरा दाता म्हणून बहुतेकांच्या मनात सीएसआर येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि सातव्या अनुसूचीत शिक्षणाबरोबरच राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे संरक्षण आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा उल्लेख आहे. तेव्हा आपले काम कायद्यात बसते. अडचण व्यवहारात येते. कंपनीचा अधिकारी विचारतो, लाभार्थी किती? ‘चार’ हे उत्तर ऐकून तो नम्रपणे चहा मागवतो आणि विषय संपतो. याला उपाय म्हणून आकडे फुगवून ‘पाच हजार विद्यार्थ्यांना अप्रत्यक्ष लाभ’ असे लिहिणारे प्रस्ताव मी पाहिले आहेत, आणि ते कोणालाच पटत नाहीत. त्यापेक्षा मोजता येण्यासारखे काम दाखवावे: वर्षाला इतक्या रुमालांची यादी, इतक्या कागदांच्या छायाप्रती लोकांसाठी खुल्या, प्रत्येक फेलोचे गावात एक जाहीर व्याख्यान, आणि तालुक्यातील शिक्षकांसाठी मोडीचा एक वर्ग. हे सारे फेलोशिपचेच अंग आहे, त्यात खोटे काही नाही, आणि कंपनीला आपल्या वार्षिक अहवालात लिहायला काही मिळते. कारखाना ज्या परिसरात आहे तेथील कामाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सुचवतो, म्हणून जिल्ह्यातील एमआयडीसीतल्या कंपन्यांपासून सुरुवात करावी. मुंबईच्या मुख्य कार्यालयांकडे नंतर वळावे.

सीएसआरच्या दोन मर्यादा मात्र आधी लक्षात घ्या. १ एप्रिल २०२१ पासून पैसे घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१ हा अर्ज भरून कंपनी मंत्रालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि त्याच्याआधी प्राप्तिकरातील संस्थेची नोंदणी व देणगीदाराला करसवलत मिळवून देणारे, आपण ज्याला ८०-जी म्हणतो ते प्रमाणपत्र चालू असावे लागते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची: जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही, आणि चालू प्रकल्प म्हणून मान्य झालेले कामही सुरू झाल्याचे वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंतच चालते. म्हणजे कंपनीच्या पैशांतून योजना सुरू करता येते, ती कायमची उभी करता येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी काय, याचे उत्तर पहिल्याच वर्षी शोधायला लागावे.

ते उत्तर जुन्या लोकांना ठाऊक होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले, हे सर्वांना माहीत असते. हैदराबादच्या सातव्या निजामांनी त्याच कामाला काही वर्षे दरसाल एक हजार रुपये दिले, आणि त्याशिवाय अतिथिगृह बांधण्यासाठी पन्नास हजार दिले, हे कमी लोकांच्या लक्षात राहते. ग्रंथासाठी वर्षाला हजार आणि बाहेरून येणाऱ्या विद्वानाने उतरावे कोठे यासाठी पन्नास हजार, हे प्रमाण आजच्या कोणत्याही अनुदान नियमावलीपेक्षा मला शहाणपणाचे वाटते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत न्यायमूर्ती तेलंग यांच्या नावाची भारतविद्येची फेलोशिप आहे, तीही याच नामनिधीच्या परंपरेतली.

आपल्या गावात हे कसे जमेल? आधी हिशेब पाहा. वरच्या उदाहरणातील यजमानपणाचा साडेपाच लाखांचा खर्च केवळ व्याजातून भागवायचा, तर सात टक्के व्याज धरून सुमारे ऐंशी लाखांचा निधी लागतो, आणि महागाईसाठी व्याजाचा एक भाग पुन्हा मुद्दलात घालायचा म्हटले तर त्याहून बराच जास्त. हा आकडा ऐकून विश्वस्त गप्प होतात. पण चार फेलोंऐवजी एक फेलो, तीन महिन्यांऐवजी एक महिना, असा विचार केला तर विद्यावेतन आणि प्रवास मिळून ६०,००० च्या आसपास लागतात आणि नऊ-दहा लाखांचा नामनिधी पुरतो. गावच्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या स्मरणार्थ त्यांचे विद्यार्थी मिळून एवढी रक्कम उभी करू शकतात. न्यूबेरीसारखी मोठी ग्रंथालयेसुद्धा दीर्घ मुदतीच्या मोजक्या फेलोशिपबरोबर एक-दोन महिन्यांच्या अल्पमुदतीच्या पुष्कळ फेलोशिप देतात, आणि संग्रह वाचला जाण्याच्या दृष्टीने या छोट्या फेलोशिपचा उपयोग मोठा असतो. आपल्यासारख्या संस्थेने मुळात एक महिन्याच्याच फेलोशिपपासून सुरुवात करावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सहा महिन्यांचा फेलो ही फार मोठी जबाबदारी असते. त्याचे आजारपण, त्याचा गाईडशी झालेला वाद, सगळे आपल्या दारात येते.

कायम निधीची देणगी घेताना देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी, हिचे फक्त व्याज अमुक फेलोशिपसाठी वापरावे’ असे लेखी पत्र घ्यावे. असे पत्र नसेल तर ती रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते, आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च करण्याचा नियम तिला लागू होतो. पत्र असले तरी निधी कायद्याने ठरवलेल्या गुंतवणुकीतच, वेगळा दाखवून ठेवावा लागतो. २००० रुपयांवरील रोख देणगीला ८०-जीची सवलत मिळत नाही, हे पावतीपुस्तक सांभाळणाऱ्याला पाठ असावे. प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, म्हणून आपल्या सीएंकडून चालू क्रमांक तपासून घ्यावेत. फेलोला दिलेले विद्यावेतन त्याच्या हातात करपात्र की नाही हेही त्याच वेळी विचारावे; ते फेलोशिपच्या स्वरूपावर अवलंबून असते आणि मी सरसकट उत्तर देणार नाही.

परदेशात असलेल्या गावकऱ्यांच्या देणगीविषयी आपण ओझरते लिहिले आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे चूक झाली तर संस्था अडचणीत येते. परकीय अंशदान नियमन कायदा पैसा कोणत्या देशातून आला यापेक्षा देणारा कोणत्या देशाचा नागरिक आहे हे पाहतो. न्यू जर्सीत राहणारा आपला माजी विद्यार्थी भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याच्या शेजारी राहणारा त्याचा सख्खा भाऊ अमेरिकन नागरिक झाला असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड) असले आणि तो दरवर्षी गणपतीला गावी येत असला तरी त्याची देणगी परकीयच. ती घेण्यासाठी गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा त्या विशिष्ट रकमेपुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. पैसे दिल्लीतील स्टेट बँकेच्या संसद मार्ग येथील मुख्य शाखेच्या खात्यातच यावे लागतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वळते करता येत नाहीत. प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा २० टक्के आहे. वर मी दाखवले की यजमानपणाचा खर्च एकूण खर्चाच्या निम्मा असतो. तो सगळा ‘प्रशासन’ या शीर्षकाखाली टाकला तर मर्यादा ओलांडली जाते. सूची करणे, कागद जतन करणे हे संस्थेचे मूळ काम आहे, आणि ते अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून तसेच दाखवावे. वर्षअखेरीस शीर्षके बदलू नयेत.

सरकारी पैसा कोणत्याही वाटेने येणार असला तरी काही कागद आधीच तयार असावेत: सार्वजनिक न्यासाचे नोंदणीपत्र, विश्वस्तांतील बदलांच्या धर्मादाय कार्यालयात झालेल्या नोंदी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवरील नोंदणी. बदलांच्या नोंदी वर्षानुवर्षे प्रलंबित असलेल्या संस्था मला इतक्या भेटल्या आहेत की मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो. संस्थेच्या घटनेतील उद्दिष्टांत संशोधनासाठी आर्थिक साहाय्य देण्याचा उल्लेख आहे का, हेही पाहावे. नसल्यास फेलोशिप देण्याआधी दुरुस्ती करावी. केंद्राच्या अनुदानाचा दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रानंतर येतो, अनुदानावर मिळालेले व्याज परत करावे लागते, आणि हप्ता उशिरा येणे हे गृहीतच धरावे लागते. फेलोला मात्र भाडे आणि खानावळीचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. म्हणून एका तुकडीच्या दोन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी रक्कम संस्थेने स्वतःच्या शिलकीतून बाजूला ठेवल्याखेरीज जाहिरात देऊ नये. हे जमत नसेल तर फेलोंची संख्या कमी करावी. मंजूर फेलोला पैशांसाठी थांबवलेली संस्था अभ्यासकांच्या वर्तुळात फार लवकर बदनाम होते.

निवडीबद्दल एवढेच सांगतो की समितीत निम्म्याहून अधिक माणसे संस्थेबाहेरची असावीत, विश्वस्तांचे नातेवाईक आणि संस्थेचे पगारी नोकर अर्जास अपात्र असल्याचे जाहिरातीतच लिहावे, आणि देणगीदाराला विषय सुचवण्याचा अधिकार असला तरी निष्कर्षावर नसावा, हे देणगीपत्रात नोंदवावे. शेवटचे कलम घालताना अवघडल्यासारखे होते, कारण देणारा माणूस समोर बसलेला असतो. पण घराण्याच्या कागदांवर काम करायला त्या घराण्याच्याच वंशजाने पैसे दिले आणि अभ्यासकाला कागदांत कर्जबाजारीपणा किंवा वतनाचा तंटा सापडला, तर ते कलम नसल्याची किंमत संस्था आणि अभ्यासक दोघांनाही मोजावी लागते.

आतापर्यंतचे थोडक्यात मांडायचे तर, आपल्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी फेलोशिप जाहीर न करता पन्नास रुमालांची यादी आणि विश्वस्तांच्या नोंदी ही दोन कामे पुरी केली असती, पोथ्यांचा प्रस्ताव वेगळा पाठवला असता, आणि परिषदेची फेलोशिप आधीच असलेल्या एखाद-दोन अभ्यासकांना यजमान झालो असतो. दुसऱ्या वर्षी एका महिन्याच्या दोन फेलोशिप जिल्ह्यातील एखाद्या कंपनीच्या साहाय्याने सुरू केल्या असत्या, आणि त्याच वर्षी नामनिधीसाठी पहिले पत्र लिहिले असते. चार फेलोंचा आकडा त्यानंतर.

यातील बरेच काही आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. संस्थेची नोंदणी न्यास म्हणून आहे की सोसायटी म्हणूनही आहे, गेल्या तीन वर्षांचा मुख्य कामावरील खर्च १५ लाखांच्या वर आहे की खाली, अभ्यासकांना उतरण्याची जागा स्वतःची आहे की भाड्याने घ्यावी लागेल, आणि रुमालांपैकी कितींची कोणत्याही स्वरूपातील यादी आज अस्तित्वात आहे, एवढे कळवल्यास पहिला अर्ज नेमका कोणाकडे करावा हे मला अधिक खात्रीने सांगता येईल.